गुरूंकडे घर मागितलं तर चुकलं का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. काही वर्षांपूर्वी तुम्ही अनुग्रह, म्हणजे गुरूंकडून दीक्षा, घेतला आहे, नित्य जप चालू आहे. नोकरीत बढतीची संधी समोर आहे, पण ती घेतली तर बदली होणार आणि साप्ताहिक उपासना सुटणार. स्वतःचं घर घ्यायचं आहे, मुलीला चांगलं शिकवायचं आहे. जपाला बसलं की नेमके हेच विचार येतात. गुरूंच्या तसबिरीसमोर हात जोडले की 'घराचं जमू द्या' असं तोंडात येतं आणि लगेच लाज वाटते. त्यात एका गुरुबंधूंनी सुनावलंय, "सद्गुरूंकडे संसार मागणं म्हणजे त्यांचा अपमान." घरात पत्नी सेवेच्या खर्चावरून नाराज. आणि शेवटी तुम्ही विचारताय: इच्छा सोडू, की हे भक्तीचं नाटक सोडू?

दोन्ही सोडायचं कारण नाही. मी नोकरी आणि संसार सांभाळत साधना केलेला माणूस आहे, संन्यासी नाही. आमच्या उपासना मंडळात नव्याने येणाऱ्यांशी बोलायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न मी अनेक तोंडांतून ऐकलाय. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर, इच्छा गुरूंपासून लपवू नका आणि गुरूंना इच्छेच्या कामाला जुंपू नका. पहिलं जमलं नाही की ढोंग येतं, दुसरं जमलं नाही की सौदा येतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

लाजेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रात इच्छेपेक्षा लाजच जास्त आहे.

ध्रुवाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातला एक प्रसंग बहुतेक वेळा घाईघाईत उरकला जातो. सावत्र आई सुरुचीने बापाच्या मांडीवरून हटकलं म्हणून पाच वर्षांचं ते पोर रागाने वनात निघालं. वाटेत नारद भेटले. नारदांनी आधी समजूतच घातली: बाळा, मान-अपमान काय घेऊन बसलास, मिळालंय त्यात समाधान मान, घरी जा. उपदेश चांगलाच होता. ध्रुवाने काय उत्तर दिलं? भागवतात ते स्पष्ट आहे. तो म्हणाला, तुम्ही सांगता ते खरं, पण सुरुचीच्या शब्दांनी माझं काळीज भोसकलंय, त्यात तुमचं बोलणं टिकत नाही. मला माझ्या वाडवडिलांनाही मिळालं नाही असं पद हवंय, त्याची वाट दाखवा.

आता नारदांकडे पाहा. 'आधी ही वासना टाक, मग ये' असं ते म्हणाले नाहीत. त्याला तसं म्हणून काही उपयोग नव्हता, हे त्यांना कळलं. त्यांनी त्याला द्वादशाक्षरी मंत्र दिला, ध्यान कसं करायचं ते सांगितलं आणि यमुनेच्या काठी मधुवनात पाठवलं. म्हणजे ध्रुवाचा अनुग्रह झाला तो इच्छेसकट, रागासकट. एकच गोष्ट त्याने केली होती: मनात जे होतं ते गुरूंसमोर जसंच्या तसं ठेवलं. "हो महाराज, समाधान मानतो" असं वरवर म्हणून तो मधुवनात गेला असता, तर तप कशाचं झालं असतं कोण जाणे.

पुढचा भागही महत्त्वाचा आहे. देव भेटला, पद मिळालं, आणि परत येताना ध्रुव खंतावला. राजाकडे जाऊन एखाद्या भिकाऱ्याने कोंडा मागावा तसं मी मागितलं, असं त्याला वाटलं. ही खंत त्याला कुणी शिकवली नव्हती. भेट झाल्यावर ती आपसूक आली. तुमचे गुरुबंधू तुमच्याकडून ही खंत आगाऊ मागतायत, आणि उसनी खंत फार दिवस टिकत नाही. आणि हो, खंत वाटली म्हणून ध्रुवाने राज्य नाकारलं नाही. तो परत आला आणि राज्य नीट चालवलं.

गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. अर्थार्थी म्हणजे ज्याला काहीतरी हवंय तो. श्रीकृष्ण चौघांनाही 'सुकृती' म्हणतात आणि दोनच श्लोक पुढे 'उदाराः सर्व एवैते', हे सगळेच थोर, असंही म्हणतात. ज्ञानी त्यांना सर्वांत जवळचा, हे खरंच आहे. पण अर्थार्थ्याला दारातून हाकललेलं नाही. देवाने ज्याला आत घेतलं त्याला गुरुबंधूंनी उंबऱ्यावर अडवायचं कारण नाही.

याहून थेट उत्तर हवं असेल तर भागवताचा अकरावा स्कंध पाहा. तिथे श्रीकृष्ण उद्धवाला ज्या साधकाबद्दल सांगतात तो हुबेहूब तुमच्यासारखा आहे. श्रद्धा बसली आहे, विषय शेवटी दुःखच देतात हे समजलं आहे, पण सोडवत मात्र नाहीत. त्याने काय करावं? ते भोग घेत असतानाच, त्यांचा परिणाम ओळखून, प्रेमाने आणि पक्क्या निश्चयाने भजन चालू ठेवावं. आधी इच्छा संपव मग भजनाला बस, असा क्रम तिथे नाही. इच्छा आहे आणि भजनही आहे, अशी काही वर्षं जाणारच हे गृहीत धरलेलं आहे.

लाजेचं एवढं पुरे. आता दुसरी बाजू, जिथे मी तुम्हाला एवढ्या सहज सोडणार नाही.

इच्छा सांगणं वेगळं आणि गुरूंना कामाला लावणं वेगळं. फरक ओळखायला सोपी खूण आहे. मागून झाल्यावर तुमच्या मनात तारीख असते का? 'मार्चपर्यंत काम झालं पाहिजे.' 'एवढी पारायणं केली, अजून काही नाही.' 'अमक्याला तर लगेच अनुभव आला.' हे सुरू झालं की समजा, हिशेबाची वही उघडली. सकाम पारायण, संकल्प सोडून (म्हणजे इच्छा बोलून ताम्हनात पाणी सोडून) केलेला सप्ताह, याला माझा विरोध नाही. दत्तसंप्रदायात संकल्पपूर्वक पारायणाची परंपराच आहे आणि अनेक जण तिथूनच आत येतात. पण संकल्प सोडताना जे पाणी ताम्हनात पडलं ते पडलं. नंतर रोज ताम्हनात वाकून बघायचं नसतं.

मंडळात मी हे नेहमी पाहतो. नोकरी लागावी म्हणून एखादा मुलगा गुरुवारी येऊ लागतो. नोकरी लागली की महिनाभर पेढे, मग येणं विरळ. नाही लागली तर तोंड आंबट, मग दुसरं स्थान, दुसरे महाराज. दोन्हीकडे झालं तेच: नातं कामाशी होतं, काम संपलं किंवा फसलं की नातं संपलं. याच्या उलट, त्याच कारणासाठी आलेला दुसरा मुलगा नोकरी न लागताही येत राहतो. त्याला विचारलं तर सांगता येत नाही का येतो ते. त्याचं काहीतरी सुरू झालेलं असतं. दोघांची मागणी शब्दशः एकच होती. म्हणून मी मागणीकडे पाहतच नाही. नकार आल्यानंतर माणूस काय करतो तिकडे पाहतो.

नकार आला की राग येणार. येऊ द्या. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय ऐकवलंय ते गाथा उघडून पाहा. दुष्काळात घर बसलं, एक बायको अन्नान्न करीत गेली, धंद्यात दिवाळं निघालं, आणि तो माणूस देवाशी भांडला. भांडला, पण पाठ फिरवली नाही. गुरूंशी भांडणं ही अभक्ती नाही. अबोला धरणं मात्र धोक्याचं.

जपात विचार येतात, त्याचं काय करायचं हे तुम्ही वेगळं विचारलंय. इथे मी सांगतो ती पद्धत काही मोठी शास्त्रोक्त नाही, पण उपयोगी पडते. आसनाशेजारी साधी वही ठेवा. जप चालू असताना तिला हात लावायचा नाही. विचार आला, नाम सुटलं, की पुन्हा नाम धरायचं, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. उठल्यावर, माळ ठेवल्यानंतर, ज्या इच्छेने सर्वांत जास्त ओढलं ती एका ओळीत लिहायची. 'घर हवं' एवढंच नाही. कसलं घर, कशासाठी, आणि त्यासाठी कुणाला किती ओढ बसेल, तेही लिहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच इच्छा आली तर तीच पुन्हा लिहायची, कंटाळा आला तरी.

काही आठवड्यांनी ती पानं सलग वाचा. एका साधकाची वही मी त्याच्या परवानगीने पाहिली होती. सुरुवातीला 'मोठा फ्लॅट'. मग 'तीन खोल्या तरी'. मग 'आईला वेगळी खोली'. आणि एका दिवशी नुसतं 'मेहुण्याने घर घेतलं तेव्हापासून'. त्यापुढे दोन दिवस काहीच लिहिलेलं नव्हतं. नंतर पुन्हा 'आईला वेगळी खोली', आणि मग शेवटपर्यंत तेच. त्याच्या इच्छेत दोन इच्छा होत्या. एक खरी गरज होती, आईचे गुडघे आणि रात्रीचं उठणं. दुसरी मेहुण्याची. दुसरी कागदावर आल्यावर तिला फारसा दम राहिला नाही, पहिली मात्र राहिली, आणि राहायलाच हवी होती. त्याने पुढे जुन्या इमारतीत तळमजल्यावरची जागा घेतली. मेहुण्याच्या घरापेक्षा लहान.

या वहीचा उपयोग इच्छा मारण्यासाठी नाही, हे नीट लक्षात घ्या. आपल्या आतून कोण बोलतंय हे कळावं म्हणून ती आहे. गीतेत, त्याच सातव्या अध्यायात, 'धर्माला विरोध नसलेला काम मी आहे' असं भगवंत म्हणतात. म्हणजे इच्छेला सरसकट वैरी ठरवलेलं नाही, तिची परीक्षा मात्र सांगितली आहे. कुणाला लुबाडून, फसवून, कुणाचं तोंड बंद करायला हवं असलेलं काहीही त्या परीक्षेत बसत नाही. अशी इच्छा गुरूंपुढे ठेवायला हरकत नाही, उलट ठेवाच, पण 'पूर्ण करा' म्हणून नाही. 'ही असली इच्छा आहे माझी, बघा' एवढंच म्हणायचं.

आणि एका लोभाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. गुरूंच्या जवळ बसायला मिळावं, त्यांनी नावाने हाक मारावी, उत्सवात आरतीचं ताट आपल्या हातात यावं, ध्यानात प्रकाश दिसावा, आपले अनुभव इतरांनी तोंडाचा आ करून ऐकावेत. हे सगळं परमार्थासारखं दिसतं आणि त्यामुळे तपासलं जात नाही. माझ्या पाहण्यात गुरुबंधूंची भांडणं घर-गाडीवरून फारशी झालेली नाहीत. पुढच्या रांगेवरून झाली आहेत, पादुकांवर पाणी घालायचा मान कुणाचा यावरून झाली आहेत. घर मागणारा निदान काय मागतोय ते ओळखून असतो. तुम्हाला सुनावणाऱ्या गुरुबंधूंबद्दल मी काही बोलत नाही, त्यांना मी ओळखत नाही. पण 'मी काहीच मागत नाही' हे चारचौघांत सांगावंसं वाटणं हीसुद्धा एक मागणी असू शकते.

आता प्रपंच आणि सेवा यांच्या ओढाताणीकडे येतो. तुमच्या पत्नीची तक्रार मी तुमच्या अडचणींच्या यादीत शेवटी ठेवली नसती.

दासबोधाच्या बाराव्या दशकाची सुरुवातच 'आधीं प्रपंच करावा नेटका' अशी आहे. आणि पुढे समर्थ आणखी रोखठोक होतात: प्रपंच सांडून परमार्थ केला तर खायला अन्न मिळणार नाही, मग त्या करंट्याला परमार्थ कैंचा! हे सांगणारा माणूस लग्नाच्या बोहल्यावरून पळालेला, आयुष्यभर ब्रह्मचारी. त्यांना संसाराचा कैवार घ्यायचं वैयक्तिक कारण काहीच नव्हतं. त्याच समासात उलट बाजूही आहे, परमार्थ सोडून नुसता प्रपंच कराल तर यमयातना भोगाल. पण 'आधी' हा शब्द प्रपंचाला लावलाय, सेवेला नाही.

एकनाथ महाराजांचं उदाहरण मला तुमच्यासाठी सर्वांत जवळचं वाटतं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. म्हणजे सद्गुरू स्वतःच दरबारी चाकरीत, अंगावर कारभाराचा बोजा. शिष्याला त्यांनी हिशेबाच्या कामाला बसवलं. परंपरेत कथा सांगतात ती अशी: एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघेना. नाथ दिव्याशी बसून वह्या चाळत राहिले, रात्र सरत आली, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. जनार्दनस्वामींनी ते पाहिलं आणि म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी एकाग्रता आणि एवढा आनंद, हीच वृत्ती भगवंताकडे लावलीस तर?

कथेचा हा शेवट सगळे सांगतात. मला त्यातली आधीची रात्र जास्त महत्त्वाची वाटते. स्वामींनी असं म्हटलं नाही की पै-पैशाच्या क्षुद्र हिशेबात कशाला रात्र घालवलीस. ती एकाग्रता त्यांना हवीच होती, आणि ती हिशेबातच तयार झाली होती. ज्याचा हिशेब गबाळा त्याचं ध्यान लख्ख, असं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. पुढे स्वामींनी नाथांकडून अनुष्ठान करून घेतलं, तीर्थयात्रेला पाठवलं, आणि मग? गृहस्थाश्रम स्वीकारायला सांगितलं. नाथ पैठणला राहिले, गिरिजाबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली, दारी आलेल्याला जेवू घातलं, आणि ग्रंथही लिहिले. गुरूंची आज्ञा म्हणून संसार केला. तुमच्या नोकरीकडे आणि घराच्या हप्त्याकडे असं पाहून बघा: हे गुरूंनीच नेमून दिलेलं काम आहे, तर ते कसं करीन? वेळेवर, चोख, लाच न घेता, आणि घरी आल्यावर त्याचा वैताग मुलीवर न काढता.

उपनिषदांतली एक जागा मला फार आवडते. तैत्तिरीयात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. 'सत्यं वद, धर्मं चर' सगळ्यांना पाठ असतं. त्याच निरोपात 'भूत्यै न प्रमदितव्यम्' असंही आहे, म्हणजे उत्कर्षाच्या बाबतीत हयगय करू नकोस. गुरू सांगतायत, संपन्नतेकडे दुर्लक्ष करू नकोस! आणि बृहदारण्यकात जनकाच्या सभेत तर याज्ञवल्क्यांनी कमालच केली आहे. सर्वांत मोठ्या ब्रह्मज्ञान्यासाठी हजार गाई उभ्या, शिंगांना सोनं बांधलेलं. कुणी पुढे येईना. याज्ञवल्क्यांनी शिष्याला सांगितलं, ने रे हाकत. लोक खवळले, तू ब्रह्मज्ञानी आहेस काय? ते म्हणाले, ब्रह्मज्ञान्याला आमचा नमस्कार, आम्हाला आपल्या गाई हव्या आहेत. हेच याज्ञवल्क्य पुढे सगळी मालमत्ता दोन बायकांत वाटून निघून जायला तयार झाले. घेताना लाजले नाहीत, सोडताना रडले नाहीत. आपल्याला दोन्ही जमत नाही, म्हणून आपला घोळ.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. तुम्ही लिहिलंय की उत्सवाच्या देणगीसाठी वैयक्तिक कर्ज काढायचा विचार होता. काढू नका. कर्ज काढून, घरच्यांना न सांगता, मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून दिलेली देणगी ही सेवा नाही. ते तुमच्या भीतीचं किंवा प्रतिष्ठेचं बिल आहे आणि ते घरच्यांच्या नावावर फाडलं जातंय. तुकोबांचं 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेंच करी' यात आधी जोडणं आहे, तेही उत्तम व्यवहाराने, आणि मग खर्च. द्यायचं असेल तर पत्नीसोबत बसून वर्षाचा एक आकडा ठरवा, तो दोघांच्या संमतीचा असू द्या, आणि त्याच्यापलीकडे उत्सवाच्या भावनेत हात सैल सोडू नका. पैसे नसतील तर झाडू मारा, पानं वाढा. आमच्याकडे तरी त्याची कमतरता नेहमीच असते.

याच ओघात एक इशारा, तुमच्या गुरूंना उद्देशून नाही. तुमची इच्छा हेच ज्यांचं भांडवल आहे असेही लोक गुरू म्हणून बसलेले असतात. एवढे भरा, काम होईल. नाही झालं, मग श्रद्धा कमी पडली, अजून भरा. दासबोधात सद्गुरुलक्षणं सांगताना समर्थ अशांची किंमत करतात: शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करवीत नाहीत, 'ऐसे गुरु आडक्याचे तीन, मिळाले तरी त्यजावे', म्हणजे कवडीमोलाने तीन मिळाले तरी सोडून द्यावेत. कसोटी सरळ आहे. हे गृहस्थ तुम्हाला साधनाला लावतात की रांगेला? तुमची हाव त्यांच्या सहवासात कमी होते की तिला खतपाणी मिळतं? चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसे उकळणं तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. आणि गुरू खरे असले तरी डोळे मिटायचे नसतात. तैत्तिरीयातल्या त्याच निरोपात आचार्य म्हणतात, आमची जी चांगली आचरणं असतील तीच घ्या, इतर नाही. खरा गुरू स्वतःबद्दल हे आपण होऊन सांगतो.

एक नाजूक जागा राहिली. तुम्ही लिहिता, बढतीबद्दल 'महाराजांचा संकेत' मिळावा म्हणून पोथी उघडून ओवी पाहिली, ती अनुकूल निघाली. मला या गोष्टींची चेष्टा करायची नाही. पण संकेत जेव्हा आपल्याला हवा तोच निघतो, तेव्हा तो दोनदा तपासावा. आणि हवा तो निघेपर्यंत पोथी उघडली जाते, हेही आपल्याला ठाऊक असतं. तुमचे गुरू देहात आहेत, भेटतात, बोलतात. मग पोथीला कशाला मध्ये घालायचं? जा आणि विचारा. मात्र विचारताना 'घेऊ की नको' असा चेंडू त्यांच्या कोर्टात टाकू नका, पुढे काही बिनसलं की 'महाराजांनी सांगितलं म्हणून' म्हणायची सोय त्यात असते. आपला विचार पूर्ण करून जा. बढतीने पगार किती वाढतो, मुलीची शाळा मध्येच बदलावी लागेल का, पत्नीचं मत काय, आणि तुमचा स्वतःचा कल कुठे आहे. मग म्हणा, माझा असा असा विचार आहे, यात मला दिसत नसलेलं काही असेल तर दाखवा. बरेचदा ते फक्त 'बरं' म्हणतील. तेवढं पुरतं.

माझं मत विचाराल तर बदली घ्या. साप्ताहिक उपासना सुटेल हे कारण मला पटत नाही. ज्या जागी गुरूंचा फोटो आणि माळ नेता येते तिथे उपासना होते. सुटतो तो मंडळातला सहवास, आणि त्याची किंमत आहेच, ती मी कमी लेखत नाही. पहिले काही महिने कोरडे जातील. तेव्हा रोजची वेळ हलवू नका, जप थोडा कमी झाला तरी चालेल पण बैठक मोडू नका. महिन्यातून एकदा मंडळातल्या कुणाशी तरी फोनवर बोला, आणि बोलताना नव्या पदाच्या गमतीपेक्षा जपात काय चाललंय ते आधी सांगा.

घर झालं की मात्र सांभाळून राहा. इच्छा अपुरी राहिली तर माणूस गुरूंना विसरत नाही, निदान तक्रार करायला तरी आठवतो. पुरी झाली की विसरतो, किंवा त्याहून वाईट, 'माझ्यावर महाराजांची विशेष कृपा आहे' असं शेजाऱ्यांना सांगू लागतो. ज्याचं घर झालं नाही त्याच्यावर कृपा नव्हती का? वास्तुशांतीला कुणी विचारलं तर बँकेचं कर्ज आणि पत्नीची काटकसर यांचं नाव आधी घ्या. गुरूंचं नाव देवघरात घ्या.

आणि आजच्या आज एक करा. त्या वैयक्तिक कर्जाचा अर्ज अजून पाकिटात असेल तर तो पत्नीसमोर बाहेर काढा, आणि गुरुवारच्या सेवेला या वेळी तिला विचारून जा. ती नको म्हणाली तर त्या गुरुवारी घरी थांबा आणि मुलीचा अभ्यास घ्या.